कापायच्या आधी भाव

नऊ महिन्यांत भावना नाखवाने एकशे बारा ठिकाणी अर्ज केले, आणि त्यातल्या एकाही मेल्याला तोंडावर 'नाही' म्हणायची हिंमत झाली नाही. बहुतेक जण गप्पच बसायचे. उरलेल्यांचं मशीन मेल पाठवायचं, 'आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.' शुभेच्छा काय भाजून खायच्या?

भावना सोळा वर्षं डेटाबेस सांभाळत होती. बेलापूरच्या एका कंपनीची गिऱ्हाइकं, बिलं, पगार, सगळ्या नोंदी तिच्या ताब्यात. रोज त्यांची नक्कल, म्हणजे बॅकअप, घ्यायचा आणि काही फुटलं की त्या नकलेवरून सगळं परत उभं करायचं, हे तिचं काम. मग वरच्या साहेबांनी ठरवलं की सगळं क्लाउडवर न्यायचं. नेलं कोणी? भावनानेच. सात महिने खपली, ना रविवार पाहिला ना शिमगा. शेवटची फाइल वर चढली त्याच शुक्रवारी एचआरने तिला आत बोलावलं आणि पाकीट हातात दिलं. आपली खुर्ची आपल्याच हाताने टेम्पोत भरून दिली होती तिने.

मग जो तो म्हणायला लागला, स्किल वाढवा. वाढवलं बाबा! नवीन पनवेलच्या एका क्लासमध्ये जाऊन बसली. शिकवणारा तेवीस वर्षांचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "आंटी, डेटाबेस म्हणजे समजा एक कपाट." भावनाने जीभ चावली आणि वहीत 'कपाट' लिहून घेतलं. तीन सर्टिफिकेटं मिळवली, तिन्ही पहिल्या फटक्यात. त्यानंतर खारघरला एका इंटरव्ह्यूत समोरचा माणूस सर्टिफिकेटांकडे ढुंकूनही न बघता म्हणाला, "एवढं येतं तर मग घरी का बसलाय?" या प्रश्नाला उत्तर असतं का हो? कानाखाली देणं हे एक उत्तर असतं, पण ते बायोडेटात लिहिता येत नाही.

जुलैत तिच्या गॅपला वर्ष भरणार होतं. वर्ष उलटलं की अर्ज चाळणारं सॉफ्टवेअरच तुम्हाला बाजूला टाकतं, माणसापर्यंत कागद पोचतच नाही. हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण आधीच्या कंपनीत ती चाळणी चालवणारा डेटाबेस तीच सांभाळायची. म्हणजे जुलैच्या आत नोकरी, नाहीतर सोळा वर्षांची विद्या पाण्यात.

घरी आई होती. गुणाबाई. चाळीस वर्षं पनवेलच्या मासळी बाजारात पाटावर बसलेली, आवाज असा की शेजारची कोळीण भाव सांगताना आधी तिच्याकडे बघून घ्यायची. नवऱ्याशी बिनसून भावना माहेरी आली तेव्हा गुणाबाई एक शब्द बोलली नव्हती. नोकरी गेल्यावर मात्र दर दोन दिवसांनी बोलायची.

"माज्या बाजूला बस. पाट हाय, सुरी हाय. कोनाच्या दारात जायला नको."

"आई, मला मासे विकायची लाज नाही. पण मी हे शिकलेय ना? सोळा वर्षं केलंय ना?"

"केलंस गो. पन भाव कोनी ठरवला? त्यांनीच. आमच्याकडे कापायच्या आधी भाव. एकदा सुरी लागली की मासा गिऱ्हाइकाचा. मग तो काय वाटेल ते देईल."

भावना तेव्हा वैतागून उठून गेली होती. पण ते वाक्य तिच्या डोक्यात राहिलं.

एप्रिलमध्ये पनवेलजवळच्या कोन गावातल्या एका कंटेनर यार्डातून फोन आला. सागरवाट लॉजिस्टिक्स. शुक्रवारी संध्याकाळी फोन आणि शनिवारी सकाळी नऊला इंटरव्ह्यू. एवढी घाई कसली, असा प्रश्न पडायला हवा होता. पण नऊ महिने उपाशी असलेल्याला ताटाची चौकशी सुचत नाही. इस्त्रीचा कुर्ता घालून ती पावणेनऊलाच हजर झाली.

एचआरची समृद्धी नावाची मुलगी गोड हसली. "मॅम, आधी प्रॅक्टिकल. आम्ही एक डेटाबेस मुद्दाम बिघडवून ठेवलाय. तो उभा करून दाखवायचा. चार तास."

एका खोलीत चार लॅपटॉप, चार उमेदवार. दोघांनी साडेदहापर्यंत हात टेकले. तिसरा गूगल करकरून घामाघूम झाला आणि अकराला 'पोट बिघडलंय' सांगून निघून गेला. भावना एकटी उरली. दर दहा मिनिटांनी काचेपलीकडून एक माणूस डोकावून जायचा. तो आयटी मॅनेजर प्रणित. पस्तिशीचा, दाढी कोरलेली, आणि शर्ट काखेपर्यंत भिजलेला. परीक्षा भावनाची आणि घाम याला! तिथेच तिला काहीतरी खटकलं.

तिने नोंदी उघडून पाहिल्या. जेवढ्या दिसत होत्या त्यातली शेवटची नोंद काल, शुक्रवारी सकाळी अकरा बेचाळीसची. मुद्दाम बिघडवलेल्या खेळण्यात कालची नोंद कशाला असेल? एका ट्रेलरची नोंद होती, पनवेल पासिंगचा, नंबरच्या शेवटी ७१. ती पाय मोकळे करायच्या निमित्ताने खिडकीशी गेली. खाली गेटपासून हायवेपर्यंत ट्रेलरची रांग लागली होती. गेटवरचा माणूस पुठ्ठ्यावर कागद धरून हाताने नंबर लिहीत होता आणि ड्रायव्हर त्याच्या आईबहिणीचा उद्धार करत होते. रांगेतला पहिला ट्रेलर पनवेल पासिंगचा होता. शेवटी ७१.

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. परीक्षा कसली डोंबलाची! यांचा खराखुरा डेटाबेस काल कोसळला होता. बाहेरच्या तज्ज्ञाला बोलावलं तर तो दाम मोजून घेईल, म्हणून या हलकटांनी नोकरीचं आमिष दाखवून चार बेकार माणसं गोळा केली होती. फुकटात काम करून घ्यायचं, आणि संध्याकाळी वाटचालीस शुभेच्छा.

लॅपटॉप मिटून निघून जावं, असं तिला वाटलं. पण मग हेही वाटलं की नोकरी नसेल तर नसू दे, गरज तर खरी आहे. आणि ज्याची गरज खरी, त्याच्याकडून भाव ठरवून घेता येतो.

ती परत बसली आणि आता खरं काम करायला लागली. बॅकअप रोज सकाळी सहाला निघत होता, निदान यादीत तरी तसं दिसत होतं. प्रत्यक्षात नोव्हेंबरपासून एकही फाइल पूर्ण नव्हती. डिस्क भरली होती, नक्कल अर्ध्यात तुटत होती, आणि कोणीही एकदासुद्धा ती उघडून पाहिली नव्हती. या धंद्यात ही चूक सगळ्यांकडून होते. बॅकअप घेतल्याचं समाधान असतं, तो परत लावून बघायचा कंटाळा असतो. पण तुटला की सावध करणारा अलर्ट जायला हवा ना? जात होता. पाच महिने रोज सकाळी जात होता. कोणाला? दीनानाथ नावाच्या कोणाच्या तरी खासगी मेलवर. जुन्या कागदपत्रांत त्याचा फोन नंबरही होता.

तिने जिन्यात जाऊन फोन लावला. पलीकडे वयस्क, शांत आवाज. हो, तो इथेच डेटाबेस बघायचा, नोव्हेंबरात काढलं.

"सर, तुम्हाला पाच महिने रोज मेल येतोय की बॅकअप तुटतोय. आणि तुम्ही गप्प बसलात? कसली माणसं हो तुम्ही! तुमच्या एका फोनने हे सगळं वाचलं असतं!"

"केला होता फोन," दीनानाथ म्हणाला. "पहिल्याच दिवशी. प्रणितने उचलला. म्हणाला, तुम्ही आता बाहेरचे, आमच्या सिस्टिममध्ये नाक खुपसू नका. दुसऱ्या दिवसापासून मी चहा घेताना तो मेल वाचतो. छान जातो चहा."

"हे बरोबर नाही सर."

"नसेल. तुम्ही तिथे नोकरीला लागताय का? लागा. मग बोलू." फोन ठेवता ठेवता म्हणाला, "बदलांच्या छोट्या फायली मी जिन्याखालच्या जुन्या मशीनवर पाठवत होतो. ते कोणी बंद केलं नसेल, कारण ते आहे हेच कोणाला माहीत नाही. नोव्हेंबरची शेवटची धड नक्कल घ्या आणि त्या एकावर एक चढवा."

तिने तपासलं. दर पंधरा मिनिटांची एकेक फाइल, पाच महिन्यांची, एकही न तुटलेली. सगळं परत येणार होतं, काल सकाळी अकरा बेचाळीसपर्यंत. तिने कमांड लिहिल्या, दोनदा वाचल्या, आणि शेवटचं बटण न दाबता हात मांडीवर ठेवला.

प्रणित आत आला. "झालं का मॅडम?"

"होईल. पाच-सहा तासांत सगळा डेटा परत येईल."

"मग करा ना!"

"आधी नेमणूकपत्र. माझ्या मागच्या पगारावर."

तो हसला. "मॅडम, ही टेस्ट आहे. टेस्टनंतर पॅनल ठरवतं."

"७१ नंबरचा ट्रेलर कालपासून तुमच्या गेटवर उभा आहे. तोपण टेस्टला आलाय का?"

प्रणितचं हसू उतरलं. मग त्याने आवाज चढवला. ब्लॅकमेल करताय, पोलिसांना बोलावीन, तुमच्यासारख्या छप्पन येतात. भावना म्हणाली, "बोलवा की छप्पन. मी कशालाही हात लावलेला नाही. जसं मिळालं तसं ठेवून मी घरी जाते." आणि तिने खरंच पर्स उचलली.

वीस मिनिटांत समृद्धी पत्र घेऊन आली, शिक्का ओला होता. भावनाने ओळ न् ओळ वाचली. तीन महिन्यांची चाचणी, त्या काळात कोणत्याही वेळी कारण न देता सेवा संपवता येईल. ही ओळ सगळ्याच पत्रांत असते, असं तिने स्वतःला सांगितलं. सही केली, फोटो काढून घेतला आणि बटण दाबलं.

संध्याकाळी सातला यार्डाच्या कॉम्प्युटरचा पडदा जिवंत झाला आणि ७१ नंबर आत गेला. खाली ड्रायव्हरांनी शिट्ट्या मारल्या. भावनाला रडूच आलं, खोटं कशाला बोला. नऊ महिन्यांनी तिने कशाला तरी हात लावला होता आणि ते उभं राहिलं होतं.

घरी येऊन तिने पत्र आईसमोर धरलं. "कापायच्या आधी भाव ठरवला, बघ."

गुणाबाईने पत्र उलटंसुलटं केलं. "कागद हाय," ती म्हणाली आणि भात वाढायला उठली.

सोमवारपासून भावना कामावर. पण कंपनीचा मेल आयडी काही मिळेना. आज करतो, उद्या करतो. अलर्ट कुठेतरी जायला तर हवेत, म्हणून तिने दीनानाथचा मेल काढून टाकला आणि त्याजागी स्वतःचा खासगी मेल घातला, आयडी मिळाला की बदलू म्हणून. नवी डिस्क मागितली, तर प्रणितने सीसीटीव्हीच्या मशीनमधली एक जुनी डिस्क काढून दिली. "सध्या यावर भागवा." भावनाने तीन वेळा लेखी कळवलं की ही दोन आठवडेसुद्धा पुरणार नाही. उत्तर आलं नाही. उलट रोज दुपारी तिला एकच काम. प्रणितचा मावसभाऊ दीपेश, नुकताच कॉलेजातून सुटलेला, शेजारी येऊन बसायचा. काय केलं, कसं केलं, कुठली फाइल आधी, कुठली नंतर, सगळं लिहून द्यायचं आणि त्याच्या पडद्यावर करून दाखवायचं.

तिला कळत नव्हतं असं नाही. बेलापूरला हेच झालं होतं. पण हातात पत्र होतं, आणि माणूस आशेला फार लवकर बधतो.

अकराव्या दिवशी चार वाजता समृद्धीने बोलावलं. प्रणितही बसला होता, आज शर्ट कोरडा.

"मॅम, मॅनेजमेंटने ही पोझिशन होल्डवर टाकलीये. तुमच्या कामाबद्दल काहीच तक्रार नाही हं."

"मग दीपेश कोण आहे?"

"तो ट्रेनी आहे," प्रणित म्हणाला. "आणि मॅडम, त्या दिवशी तुम्ही आमची मान धरलीत ना, ते मी विसरलेलो नाही."

अस्सं! निदान एकजण तरी खरं बोलला. भावनाचे कान तापले. तरी सोळा वर्षांची सवय मेली जात नाही. दारातून ती वळली. "एक राहिलंय. ते अलर्ट सध्या माझ्या..."

"हँडओव्हरच्या कागदात आहे ना सगळं? मग झालं," प्रणितने हात वर केला. "इथून पुढे आमच्या सिस्टिमबद्दल तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. तुम्ही आता बाहेरच्या."

हेच वाक्य त्याने दीनानाथलाही ऐकवलं होतं. भावनाने तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती आईबरोबर बाजारात गेली आणि पाटाच्या बाजूला बसली. गुणाबाई गिऱ्हाईक पांगल्यावर म्हणाली, "काडलं?"

"आई, भाव तर ठरवला होता ना! कागदावर होता! सही, शिक्का, सगळं!"

"कागदात आमी बोंबील गुंडालतो," गुणाबाई म्हणाली. "तू कापून दिलंस ना त्यांना? मग आता काय." आणि तिने लेकीच्या हातात दुसरी सुरी दिली. आईचा राग लेकीवर नव्हता, हे भावनाला कळत होतं. पण ऐकून घ्यावं लागलं तिलाच.

भावना अर्ज करत राहिली. एकशे तेरा, एकशे चौदा. खारघरच्या एका एचआरने विचारलं, "अकरा दिवसांतच सोडलंत? स्थिरता दिसत नाही तुमच्यात." आता गॅप तर होताच, वर हा डागही.

काढल्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी ती पापलेटची खवलं काढत असताना फोन वाजला. ओल्या अंगठ्याने तिने पडदा पुसला. मेल होता. सागरवाट, सकाळी सहाचा बॅकअप अपूर्ण, डिस्कवर जागा नाही.

ती तशीच बघत राहिली. डोक्यात सवयीनेच हिशोब सुरू झाला. आधी हे, मग ते, दहा मिनिटांचं काम. अंगठा प्रणितच्या नावावर गेलासुद्धा. मग तिने तो काढून घेतला आणि दीनानाथला फोन लावला.

"सर, मी भावना. कोनची."

"काढलं का?"

"हो. आणि आज मेल आला."

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. दीनानाथ म्हणाला, "हे बघ पोरी, पहिल्या दिवशी एक फोन करून टाक त्यांना. शिव्या खा, पण कर. मी केला होता. मग पुढे काहीही झालं तरी आपल्याला आपली लाज वाटत नाही. जिन्याखालचं मशीन तरी चालू आहे ना अजून?"

"नाही. जागा हवी होती म्हणून मला काढायच्या आदल्याच दिवशी दीपेशने ते भंगारात दिलं. मी सांगत होते नको, माझ्यासमोरच वायर काढली त्याने."

"अरे देवा! म्हणजे आता पडलं तर काहीच नाही. कर गं फोन. लगेच कर."

समोर एक बाई येऊन उभी राहिली होती, पापलेटकडे बोट दाखवत. गुणाबाई चहाला गेली होती.

"नाही करणार," भावना म्हणाली.

"अगं, तूच मला म्हणाली होतीस..."

"म्हणाले होते," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

फोन तिने बर्फाच्या पेटीमागे सारला, सुरी उचलली आणि बाईला भाव सांगितला. बाई म्हणाली, आधी कापा तर खरं, मग बघू.

"आधी भाव," भावना म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की शेजारची कोळीण वळून तिच्याकडे बघायला लागली.